मदत हवी आहे: आपली सायकल दुसऱ्याला चालवायला द्यावी का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक चांगली रोड बाइक आहे. बरेच दिवस पैसे साठवून घेतलेली, आणि सीटच्या उंचीपासून हँडलच्या अंतरापर्यंत सगळं माझ्या मापाने बसवून घेतलेली. ती दारात उभी दिसली की कोणी ना कोणी विचारतंच, "एक चक्कर मारून आणू का?" विचारणारे सगळे आपलेच असतात. मावसभाऊ, ऑफिसातला मित्र, शेजारचे काका, त्यांचा नववीतला मुलगा. नाही म्हणताना जीभ रेटत नाही, आणि हो म्हटलं की सायकल परत येईपर्यंत माझे डोळे रस्त्याकडे.

आधीच सांगतो, सायकल लपवून ठेवावी असं मला मुळीच वाटत नाही. उलट जास्तीत जास्त लोकांनी सायकल चालवावी असं मनापासून वाटतं. दुसऱ्याच्या चांगल्या सायकलवर एक फेरी मारली आणि तिथूनच नाद लागला, असे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. एका मित्राने त्याची सायकल माझ्या हातात दिली नसती, तर मीही या वाटेला आलो नसतो. म्हणून सरसकट "देत नाही" हे उत्तर मला पटत नाही.

पण अलीकडे एक गोष्ट घडली. मावसभाऊ सायकल घेऊन गेला, संध्याकाळी परत आणली, वर स्वच्छ पुसूनही आणली. पुढच्या वेळी मी निघालो आणि चढ लागल्यावर सगळ्यात हलका गिअर टाकला, तर मागून चाकाच्या तारांना काहीतरी घासल्याचा टिकटिक आवाज. उतरलो, सायकलच्या मागे उकिडवा बसलो आणि एक डोळा मिटून पाहिलं. मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा, पिंजरा चाकाला समांतर असायला हवा, तो खालून आत झुकला होता. हँगर वाकला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे मार बसला तर तो वाकतो किंवा तुटतो आणि फ्रेम वाचते. सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला घाव त्यालाच बसतो.

भावाला विचारलं तर म्हणाला, "अरे, भिंतीला टेकवली होती, घसरून हळूच पडली. ओरखडासुद्धा नाही आला, म्हणून बोललो नाही." तो खोटं बोलत नव्हता. खरंच ओरखडा नव्हता. पण त्या गिअरमध्ये मी तसाच जोर लावत राहिलो असतो, तर डिरेलर तारांत गेला असता, मागचं चाक चढावर जागच्या जागी अडकलं असतं आणि मागून येणाऱ्या गाडीसमोर मी आडवा झालो असतो. हँगर नवीन बसवला, ते काम फार मोठं नव्हतं. मला छळतंय ते हे, की नेणाऱ्याच्या नजरेला काहीच दिसलं नाही आणि धोका पुढच्या चालवणाऱ्यावर आला.

दुसरी बाजूही तितकीच काळजीची आहे. काका माझ्याहून चांगले अर्धा फूट बुटके. माझ्या सायकलवर त्यांचे पाय धड जमिनीला टेकत नाहीत, आणि माझी पेडल्स बूट अडकवायची आहेत, साध्या चपलेने त्यावर पाय घसरतो. त्यांना काही लागलं तर? मुलगा पडला तर त्याच्या आईला मी काय सांगू?

तर विचारायचं आहे ते असं. तुम्ही तुमची सायकल देता का, आणि कोणाला? द्यायची तर आधी काय तपासता, काय सांगता? नाही म्हणायचं तर नातं न दुखावता कसं म्हणता? आणि भावाकडून हँगरचे पैसे घ्यावेत का? तो देतो म्हणतोय, मला घ्यावेसे वाटत नाहीत, पण घरात यावर दोन मतं आहेत.

प्रतिसाद

मी देत नाही. कोणालाच नाही, सख्ख्या भावालाही नाही. सगळ्यांना एकच उत्तर असलं की कोणाला वाईट वाटत नाही. एकाला दिली आणि दुसऱ्याला नाकारली की मग रुसवे. "ही माझ्या मापाची आहे, तुम्हाला त्रास होईल" एवढंच सांगतो, आणि ते खरंही आहे. कारणांची यादी देऊ नका. एक कारण दिलंत की समोरचा त्यावर तोडगा काढतो.

प्रतिसाद

मी देतो, आणि आवडीने देतो. पण दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या ठेवतो: माझ्या नजरेसमोर मारलेली चक्कर, आणि सायकल घेऊन जाणं. पहिलीला माझी जवळजवळ कधीच ना नसते. दुसरी फक्त अशा माणसाला, जो स्वतःची सायकल स्वतः सांभाळतो. पंक्चर काढता येतं का, एवढा एक प्रश्न विचारला तरी अंदाज येतो. ज्याला पंक्चर काढता येतं त्याला सायकल उजव्या अंगावर पडू द्यायची नसते हे बहुधा माहीत असतं.

देण्याआधी पाच मिनिटं लागतात. ती लागू द्या, घाई करू नका.

सीट आधी. माणसाला बसवा, टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्यायला सांगा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. नवख्या माणसाला यापेक्षाही थोडी खाली ठेवा, म्हणजे घाबरला तर पाय टेकता येईल. उंच माणसासाठी सीट वर घेताना सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) कोरलेली कमाल उंचीची रेघ फ्रेमच्या बाहेर येऊ देऊ नका. ती रेघ दिसली तर ती सायकल त्या माणसासाठी नाही, विषय संपला. स्वतःच्या उंचीवर आधी इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा, नाहीतर तुमचं माप परत शोधण्यात आठवडा जातो. सीटपोस्ट कार्बनचा असेल तर क्लॅम्प अंदाजाने आवळू नका. त्यावर बहुतेक वेळा ५ न्यूटन मीटरसारखा आकडा छापलेला असतो, टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने) तेवढाच आवळायचा.

मग ब्रेक. नुसतं "ब्रेक नीट आहेत" म्हणून चालत नाही. कुठला दांडा पुढचा, हे त्या माणसाला हाताने दाबून दाखवायला लावा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा डावीकडून वाहनं चालवणाऱ्या देशांत बहुधा उजवा दांडा पुढच्या ब्रेकचा असतो. अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागांत डावा. सायकल बाहेरून आलेली असेल तर सवयीच्या उलट निघू शकते. शिवाय जुन्या सायकलचे रबरी ब्रेक जीव खाऊन दाबायची सवय असलेल्या माणसाने हायड्रॉलिक डिस्क (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक तेवढ्याच जोराने दाबला तर तो हँडलवरून पुढे जाईल. म्हणून आधी चालण्याच्या वेगात दोन-तीनदा थांबायला लावतो, आणि एका बोटाने दाबायला सांगतो.

गिअरबद्दल एवढंच सांगतो की पाय फिरत असतानाच बदला, चढावर उभं राहून जोर देत असताना बदलू नका, आणि उभ्या सायकलचे गिअर चाळवू नका. बरेचदा तर मीच एक मधला गिअर लावून देतो आणि पुढचं बटण दाबूच नका म्हणतो. चक्कर मारायला तेवढा पुरतो.

हवा बघायची विसरू नका. माणूस तुमच्याहून पंधरा-वीस किलो जड असेल तर तुमच्या वजनाला बेताचा असलेला दाब त्याला कमी पडतो. मग खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या कडेला कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या आत राहून थोडी वाढवा.

परत आल्यावर चाकं उचलून फिरवून बघा, आउट आलाय का, म्हणजे चाक वेडंवाकडं फिरतंय का, ते कळतं. मागून हँगर बघा. हे त्या माणसाच्या देखत करा, हसतखेळत. "पडली होती का?" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, आणि सायकल हातात देतानाच सांगून ठेवतो की पडली तर नुसतं सांग, मी रागावणार नाही. तुमच्या भावाला कोणी हे आधी सांगितलं असतं तर तो नक्की बोलला असता असं मला वाटतं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक भर. सायकल कार्बन फ्रेमची असेल आणि पडली असेल तर बाहेरून काही दिसत नाही म्हणून समाधान मानू नका. आतले थर सुटलेले असू शकतात. जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आणि फ्रेमची वजनमर्यादा माहितीपुस्तिकेत वाचा. बऱ्याच सायकलींना माणूस, सायकल आणि सामान धरून १२० किलोच्या आसपास असते, काहींना त्याहून कमी. विमा असेल तर दुसरा चालवत असताना तो लागू होतो का हेही त्यातच बघून ठेवा, कंपनीगणिक अटी वेगळ्या असतात.

प्रतिसाद

मला या प्रश्नात एक मोठा मुद्दा दिसतो. सगळ्यांसाठी सायकल हा प्रयोग ॲमस्टरडॅममध्ये १९६५ साली प्रोव्हो नावाच्या गटाने केला होता. पांढऱ्या रंगाच्या सायकली, कुलूप नाही, कोणीही घ्या आणि सोडून द्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण सायकल कुलूप न लावता ठेवणं तिथे नियमाविरुद्ध होतं. पुढे कोपनहेगनने १९९५ मध्ये नाणं टाकून सुटणाऱ्या सायकली आणल्या, परत जागेवर लावली की नाणं परत. त्या सायकली मुद्दाम वेगळ्या बनवल्या होत्या, जड आणि भक्कम, दुसऱ्या सायकलला न बसणाऱ्या भागांच्या. आजही शहरांतल्या भाड्याच्या सायकली बघा: सीटच्या नळीवर उंचीचे आकडे, जाड टायर, मोजके गिअर, चेन झाकलेली.

सांगायचं हे की अनेकांनी चालवायची सायकल मुळातच तशी घडवावी लागते. तुमची रोड बाइक एका माणसासाठी घडवली आहे. ती सगळ्यांना देता येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे किंवा नातेवाइकांकडे एखादी जुनी, सरळ हँडलची, रुंद टायरची सायकल धूळ खात पडली असेल तर ती नीट करून घ्या आणि ती पाहुण्यांची सायकल म्हणून ठेवा. आमच्याकडे अशी एक आहे आणि आता रोड बाइक कोणी मागतच नाही. बहुतेकांना फक्त सायकल चालवायची असते, तुमचीच चालवायची असते असं नाही.

प्रतिसाद

मुलाबद्दल लिहिते, कारण मी याच वयाच्या मुलाची आई आहे. त्याला देऊ नका असं म्हणत नाही, पण आधी त्याच्या आईला विचारा. मुलासमोर नको, नाहीतर ती बिचारी नाही म्हणू शकत नाही. हेल्मेट त्याच्या मापाचं हवं. तुमचं डोक्यावर डगडगणारं हेल्मेट नुसतं घातल्याचं समाधान देतं, उपयोग नाही. आणि रस्त्यावर नको, मोकळ्या मैदानात. या वयातल्या मुलांना वेगाची भीती नसते आणि मित्र बघत असले तर मुळीच नसते. आमच्या मुलाला एका ओळखीच्यांनी असंच मैदानात शिकवलं, गिअर, ब्रेक सगळं समजावून. त्या माणसाबद्दल मला आजही फार आदर आहे.

पैशांचं म्हणाल तर घ्या. भाऊ स्वतःहून देतोय ना? नाही घेतलेत तर पुढच्या वेळी मागताना त्याला संकोच वाटेल आणि देताना तुम्हाला. घेतलेत की तुमचं दोघांचं मन मोकळं होईल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पैशांबद्दलचं म्हणणं पटलं, आजच भावाशी बोललो. त्यानेच विचारलं, "हँगर वाकलेला कसा ओळखायचा ते मला दाखव." रविवारी येतोय.

ठरवलंय ते असं. रोड बाइक माझ्या समोर, मापात बसणाऱ्यालाच. घेऊन जायला ऑफिसातल्या मित्राला देईन, तो स्वतःची सायकल उत्तम ठेवतो. काकांना ती देणार नाही आणि कारण स्पष्ट सांगेन. त्यांच्यासाठी आणि मुलासाठी वडिलांची जुनी सायकल माळ्यावरून काढली आहे. तिचे टायर आणि ब्रेकचे रबर बदलायला टाकतो. मुलाच्या आईशी बोलणं झालं, त्या स्वतः मैदानावर येतो म्हणाल्या.

एक शेवटची अडचण. त्या जुन्या सायकलचं डावं पेडल झिजलंय, बदलायला गेलो तर हलतच नाही. सगळा जोर लावून पाहिला.

प्रतिसाद

थांबा, जोर लावू नका! डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तुम्ही ते आणखी आवळत असाल. पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा, दोन्ही बाजूंची पेडल्स अशीच सैल होतात. जुनं आहे म्हणजे गंजलंही असेल, आट्यांत भेदक तेल सोडून रात्रभर राहू द्या. नवीन बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, पहिले फेरे बोटांनीच फिरवा, आणि रुंद खरखरीत पेडल घ्या म्हणजे काकांची चप्पल घसरणार नाही.