नेत्रदानावर पंधरा मिनिटं बोलायचंय. ती गोष्ट सांगू की नको?

जेलरोडची लेक:

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला राहते, पोस्टातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नेत्रदान पंधरवड्यात (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर) आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मला बोलायला सांगितलंय. चाळीसेक माणसं येतील, बहुतेक सत्तरीपुढची.

मलाच का, तर फेब्रुवारीत आई गेली तेव्हा आम्ही तिचे डोळे दिले. पहाटे पावणेपाचला गेली. भावाने नेत्रपेढीला फोन केला, साडेसहाला दोघं आले, आम्हाला खोलीबाहेर थांबायला सांगितलं आणि वीसेक मिनिटांत काम झालं. चेहरा होता तसाच. माझी काकू आधी "नको गं बाई, शेवटी कशाला हात लावता तिला" म्हणत होती. नंतर तिनेच आईचं तोंड पुसलं, केस सारखे केले.

भाषण लिहून झालंय. सुरुवातीला व्हॉट्सॲपवर आलेली गोष्ट घेतली आहे: आठ वर्षांची मुलगी, डोळे मिळाल्यावर आईचा चेहरा पहिल्यांदा बघते. घरी वाचून दाखवली तर जाऊबाईंना रडू आलं. पण पुतण्याने विचारलं, "काकू, ही मुलगी कुठली?" मला सांगता येईना.

काम चांगलं आहे, कुणाचं नुकसान नाही, मग गोष्ट खरी नसली तर काय बिघडलं? आणि दुसरं, आमचे अध्यक्ष म्हणतात, तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्या, भाषण संपताच अर्ज भरून घ्या. मला ते बरं वाटत नाही, पण का ते मांडता येत नाही.

पंचवटीचे बुवा:

ताई, मी तीस वर्षं कीर्तन करतो. पूर्वरंगात निरूपण झालं की उत्तररंगात आख्यान लागतंच, कथेशिवाय माणूस बसत नाही. पण समोरच्याला ठाऊक असतं की हे आख्यान आहे. तुमची मुलगी मात्र ऐकणारा खरी समजणार, आणि तिच्या भरवशावर स्वतःच्या देहाबद्दल निर्णय घेणार. फरक तिथे आहे. दृष्टांत द्यायचाच तर "समजा" म्हणून द्या.

खरं तर तुम्हाला तिची गरजच नाही. तुमची काकू आहे ना! "नको गं बाई" म्हणणारी बाई नंतर स्वतः केस सारखे करते, यापेक्षा मोठं आख्यान कुठलं आणणार? समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या मनात तेच "नको गं बाई" असेल.

पुढच्या जन्मी आंधळेपण येतं, असं कुणीतरी म्हणेलच. हसू नका, झिडकारू नका. दधीचींनी अस्थी दिल्या ही कथा त्यांच्या ओळखीची आहे, ती आठवून द्या. मात्र कथा म्हणूनच सांगा, शास्त्राचा पुरावा म्हणून नको.

सिडकोवाला:

मी नेत्रपेढीच्या टीममध्ये काम करतो, पहाटेचे असे फोन आम्हीच घेतो. भाषणात काय घालायचं ते सांगतो.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. फोन झाल्यावर घरच्यांनी पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच करायचं, पंखा बंद करायचा. पंख्याने बुबुळ कोरडं पडतं. एसी असेल तर चालू राहू द्या. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदूचं ऑपरेशन, वय, यातलं काही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज, रक्ताचा कॅन्सर असेल तर डोळे घेत नाहीत.

आता जे सहसा कुणी सांगत नाही ते. डोळा आख्खा बसवत नाहीत, पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, तेवढाच बसवतात. काचबिंदूने किंवा डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) खराब झाल्याने गेलेली नजर त्याने परत येत नाही. तुमच्या सभेत काचबिंदूवाले असतील, "नेत्रदानाने आंधळ्यांना दृष्टी मिळते" असं मोघम म्हणालात तर ते आशा लावून बसतील. दिलेला प्रत्येक कॉर्निया वापरता येतोच असंही नाही, तपासणीत काही बाद होतात. म्हणून "दोघांना दृष्टी मिळते" म्हणू नका, "मिळू शकते" म्हणा. भाषण एवढ्याने पडत नाही.

अर्जाचं म्हणाल तर अर्ज कपाटात असतो आणि फोन मुलगा किंवा सून करते. अर्ज भरलेल्यांच्या घरून फोनच आला नाही, असं आम्ही किती वेळा पाहिलंय. घरच्यांची संमती नसेल तर आम्ही हात लावत नाही.

गंगापूररोडचा मास्तर:

वक्तृत्व शिकवायचो, म्हणून थोडं रचनेचं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलन मनरो यांनी १९३०च्या दशकात पाच पायऱ्यांचा क्रम मांडला: लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय सांगा, तो केला तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा, मग कृती मागा. खोटं बहुतेक वेळा चौथ्या पायरीवर शिरतं, तुमची ती मुलगी तिथलीच. त्या जागी आईच्या घरची पहाट ठेवा.

आणि पाचव्या पायरीवर अर्ज मागू नका. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर सत्तरीतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला बरं वाटत नाही ते यामुळेच. अर्ज घरी न्यायला द्या, आठ दिवसांनी गोळा करा. "आज जेवताना मुलाला सांगा आणि नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवा" एवढंच मागा.

जेलरोडची लेक:

सगळ्यांची आभारी आहे. मुलगी काढून टाकली. आता सुरुवात "पावणेपाच वाजले होते" अशी आहे. काकूला विचारलं, तुझं सांगू का? म्हणाली, सांग, पण मी आधी नाही म्हणाले होते तेही सांग.

अध्यक्षांशी बोलले, थोडे नाराज झाले, पण अर्ज घरी न्यायला द्यायचे ठरलंय. नंबराच्या चिठ्ठ्या पुतण्या छापून देतोय, अक्षर मोठं. काल घड्याळ लावून वाचलं तर एकोणीस मिनिटं झाली. आईच्या स्वभावाबद्दलचे दोन परिच्छेद काढावे लागतील, ते जड जातंय.

आमच्याकडे त्या पहाटे पंखा चालूच राहिला होता. तेही सांगणार आहे.

सिडकोवाले दादा, कापूस साध्या पाण्यात भिजवायचा ना?

सिडकोवाला:

हो ताई, स्वच्छ पाणी. आधी पापण्या मिटवायच्या, मग वर ठेवायचा.