आंतरराष्ट्रीय व युरोपीय कायद्यात एलएलएम करून बडोद्यातच वकिली करायची असेल, तर?

दांडियाबाजारकर

नमस्कार. मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि नेदरलँड्समधल्या दोन विद्यापीठांत एक वर्षाच्या ‘आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायदा’ या एलएलएमसाठी (कायद्यातील पदव्युत्तर पदवीसाठी) अर्ज करण्याचा विचार करते आहे. कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वाचला गेला, तो आम्ही घरी सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून ऐकला होता. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. अडचण आहे ती अभ्यासक्रमाच्या युरोपीय भागाची. मला परत येऊन इथेच वकिली करायची आहे, आणि बाबांचे म्हणणे असे की जे युरोपीय न्यायालय आपल्याला कधीच बांधणार नाही, त्याचा कायदा शिकायला कर्ज कशाला काढायचे? त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला खरोखरच सुचत नाही.

नंदेसरीची वाट

बाबांचा प्रश्न रास्त आहे. युरोपीय संघाचा कायदा आपल्या न्यायालयांना बांधत नाही हे खरेच. पण आपल्या मालाला तो पुरेपूर बांधतो, आणि बडोद्याच्या आसपास असा माल बनवणारे थोडे नाहीत. एखादे रसायन वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक युरोपात जाणार असेल, तर ‘रीच’ या युरोपीय संघाच्या २००६ च्या रसायनविषयक नियमावलीखाली त्याची नोंदणी लागते. इथला कारखानदार ती स्वतः करू शकत नाही. एक तर तिथला आयातदार करतो, नाहीतर कारखानदाराला युरोपात ‘एकमेव प्रतिनिधी’ नेमावा लागतो. गेल्या पावसाळ्यात बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना असा प्रतिनिधी बदलायचा होता आणि जुना प्रतिनिधी नोंदणीची फाइल सोडायला तयार नव्हता. चार पानांचा करार मी दोनदा वाचला. शुल्क कधी भरायचे ते तारीखवार लिहिलेले होते, मात्र फाइल कोणाच्या मालकीची याविषयी एक ओळही नव्हती. निळे ड्रम गोदामात पडून, गिऱ्हाईक जर्मनीत, आणि पंचवीस वर्षे व्यवसाय केलेला माणूस समोर हताश बसलेला. असा करार वाचू शकणारा वकील इथे सापडणे कठीण आहे.

गंमत म्हणजे या विषयात सुरुवातीलाच शिकवला जाणारा खटलाही रसायनाचाच आहे. व्हॅन गेंड एन लूस या डच कंपनीने पश्चिम जर्मनीतून यूरिया-फॉर्माल्डिहाइड आणले आणि त्यावर ३ ऐवजी ८ टक्के जकात लागली. आजच्या युरोपीय संघाचा पाया असलेल्या रोमच्या तहातले, सदस्य देशांना आपसातली जकात वाढवण्यास मनाई करणारे कलम व्यापाऱ्याला आपल्याच देशाच्या न्यायालयात थेट वापरता येते, असे लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १९६३ मध्ये ठरवले. आपल्याकडे मात्र संसदेने कायदा केल्याशिवाय तहातली तरतूद नागरिकाला न्यायालयात सहसा बजावून घेता येत नाही. हा फरक एकदा नीट उमगला की आंतरराष्ट्रीय कायद्याकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते.

जुना अध्यापक

वरच्या उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, पण एक सावधगिरी सांगतो. ‘रीच’ वा कार्बन सीमाकर (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर युरोपात लागणारा आकार) असे विषय या एलएलएममध्ये आपोआप शिकवले जातील असे समजू नये. अनिवार्य भागात बहुधा संघाच्या संस्था, अंतर्गत बाजारपेठ आणि परराष्ट्र संबंध येतात, बाकीचे ऐच्छिक विषयांतून मिळवावे लागते. म्हणून पदवीच्या नावावर न जाता दोन्ही विद्यापीठांची विषयसूची शेजारी ठेवून वाचावी. स्ट्रासबर्गचे मानवाधिकार न्यायालय हे युरोपीय संघाचे नव्हे, युरोप परिषदेचे आहे, एवढाही भेद न कळता लिहिलेले हेतुपत्र (प्रवेश-अर्जासोबत द्यायचे, हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारे पत्र) मी पाहिले आहे; ते एका सल्लागार कार्यालयाने पैसे घेऊन लिहून दिले होते. ते पत्र स्वतःच लिहावे.

वर्ष हलके जाईल असेही समजू नये. ६० क्रेडिट असतात आणि डच हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे २८ तास, म्हणजे एकूण १,६८० तासांचा अभ्यास. त्यात प्रबंधही आला. शिवाय या पदवीने इथे वकिलीचा हक्क मिळत नाही, तो एलएलबीवरच मिळतो. तेव्हा निकाल लागताच सनद काढून घ्यावी आणि अखिल भारतीय बार परीक्षाही आटोपून टाकावी. कर्जाचे म्हणाल, तर १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची शिष्यवृत्तीसुद्धा कर्जरूपच आहे, फुकट नव्हे. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत अर्ज केल्यास नोकरी शोधण्यासाठी नेदरलँड्समध्ये एक वर्ष राहण्याचा परवाना मिळू शकतो. तिथे दोन वर्षे नोकरी करून कर्ज उतरवायचे आणि मग परतायचे, हा पर्याय बाबांसमोर ठेवून पाहावा.

दांडियाबाजारकर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोन्ही सूची शेजारी ठेवल्या: एका ठिकाणी पर्यावरण आणि व्यापार यांवर स्वतंत्र ऐच्छिक विषय आहे, दुसरीकडे दोन्ही मिळून एकच व्याख्यानमाला. बाबांना मी ड्रमांची हकिकत वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण ‘तो करार बघायला मिळेल का?’ असे मात्र त्यांनी विचारले.

नंदेसरीची वाट

पक्षकाराला विचारून सांगतो. त्यांची हरकत नसेल तर नावे झाकलेली प्रत दाखवीन. शनिवारी दुपारनंतर दोघेही या.