मदत हवी आहे: टीबी गोल्ड 'इंडिटरमिनेट' (अनिर्णित) आली, म्हणजे नक्की काय?

आईला बरीच वर्षं आमवात आहे. गोळ्यांनी सांधे आटोक्यात येईनात म्हणून डॉक्टर अ‍ॅडालिमुमॅब सुरू करायचं म्हणताहेत. हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, त्याने सुप्त (शरीरात दडलेला) टीबी उसळू शकतो, म्हणून आधी क्वांटिफेरॉन-टीबी गोल्ड प्लस करायला सांगितली. रक्त घरी येऊन घेऊन गेले. आकडे असे: निल (टीबीचं काही न घातलेली तुलनेची नळी) ०.०५, टीबी१ ०.०६, टीबी२ ०.०५, मायटोजेन ०.३१. सध्या प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) २० मिग्रॅ रोज चालू आहे.

मी वाचलं की निल वजा करून टीबीचा आकडा ०.३५ च्या खाली असेल तर निगेटिव्ह. आईचा तर जेमतेम ०.०१. मग सरळ निगेटिव्ह का नाही देत? डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. त्याऐवजी मॅन्टू (टीबीची त्वचेवरची टेस्ट) करून घेऊ का?

प्रतिसाद १
मायटोजेनचा आकडा बघा, सगळी गोम तिथे आहे. टीबी१ आणि टीबी२ नळ्यांत टीबीच्या जंतूची प्रथिनं असतात, ईसॅट-६ आणि सीएफपी-१०. टी पेशींची (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची) त्यांच्याशी जुनी ओळख असेल तर त्या इंटरफेरॉन गामा हे प्रथिन सोडतात, तेच इथे मोजतात. मायटोजेनच्या नळीत टीबीचं काहीच नसतं, पेशींना सरसकट डिवचणारा पदार्थ असतो. तिथे निल वजा जाता निदान ०.५ यायला हवं, आईचं ०.२६ आहे. जी पेशी डिवचूनही बोलत नाही, ती टीबीच्या नळीत गप्प बसली याला काय अर्थ? २० मिग्रॅ स्टिरॉइडवर असं होऊ शकतं. मॅन्टूही याच पेशींवर चालते, त्यामुळे तीही दबलेली येऊ शकते. शिवाय मॅन्टूत बीसीजी लशीचा घोळ वेगळाच, लशीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. ही दोन प्रथिनं बीसीजीत नसतात, म्हणून टीबी गोल्डला तो त्रास नाही.

प्रतिसाद २
लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, दर वेळी दोष पेशंटच्या पेशींचा नसतो. प्रत्येक नळीत १ मिली रक्त घेऊन दहादा हलवायचं, आतल्या भिंतीवरचा लेप रक्तात मिसळला पाहिजे. मग १६ तासांच्या आत ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये. घरून घेतलेलं रक्त बॅगेत पडून राहिलं तर पेशी मरगळतात. पुन्हा करायचीच आहे तर थेट लॅबमध्ये, सकाळी जा.

धागाकर्ती
खूप मदत झाली. मग स्टिरॉइड काही दिवस बंद करून टेस्ट करू का?

प्रतिसाद १
अजिबात नाही! बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं आहे. डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. पुन्हा इंडिटरमिनेट आली तर टी-स्पॉट या दुसऱ्या रक्ताच्या टेस्टबद्दल विचारा, त्यात पेशी वेगळ्या करून, धुऊन, ठरावीक संख्येने घालतात. आणि छातीचा एक्स-रे झाला नसेल तर तोही विचारा. पॉझिटिव्ह आली तरी टीबी सुप्त आहे की सक्रिय, हे या टेस्ट सांगत नाहीत. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच कळवा.