लो व्होल्टेजला अ‍ॅटमेगा ३२८पी भरकटतो, ईईप्रॉममधली सेटिंग बिघडते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विहिरीवरच्या मोटरसाठी कंट्रोलर बनवला आहे. अ‍ॅटमेगा ३२८पी (छोटी कंट्रोलर चिप), १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, स्टार्टर चालू-बंद करायला ५ व्होल्टचे दोन रिले आणि एलसीडी. कोणत्या तुकड्याला किती मिनिटं पाणी द्यायचं ते ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी टिकणारी चिपमधली मेमरी) आहे. लाईट गेली तर उरलेल्या वेळेपासून पुढे चालावं म्हणून झालेली मिनिटंही दर मिनिटाला तिथेच लिहितो.

लाईट पूर्ण गेली-आली तर काही बिघडत नाही. पण लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर एकदम उठतात, फेज-न्यूट्रल १५० व्होल्टपर्यंत उतरतो, आणि तेव्हा घोळ होतो. एलसीडीवर भलती अक्षरं येतात, रिले कटकट करतो, ४० मिनिटांच्या जागी २५५ दिसतं. उसाला एक तास जास्त पाणी गेलं तर चालेल, पण रात्री कोरड्या विहिरीत मोटर चालत राहिली तर जळेल. म्हणून हे मुळापासून सोडवायचं आहे.

माझं गणित असं. ट्रान्सफॉर्मर २३०/९ व्होल्ट आहे. १५० व्होल्टला सेकंडरी ५.९ व्होल्ट, म्हणजे शिखर ८.३. ब्रिजचे १.४ वजा करता ६.९. एकूण भार १५० मिलिअँपिअर आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड, म्हणून रिपल (व्होल्टेजचा चढउतार) दीड व्होल्ट, तळ ५.४. ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे चिपला साडेतीनच्या आसपास मिळतात. डेटाशीटच्या आलेखाप्रमाणे १६ मेगाहर्ट्‌झला किमान ३.७८ लागतात. ब्राऊन-आऊट (व्होल्टेज ज्याखाली गेलं की चिप रीसेट होते ती पातळी) मात्र बोर्डाबरोबर आलेल्या सेटिंगप्रमाणे २.७ व्होल्टवर आहे. मधल्या पट्ट्यात चिप रीसेटही होत नाही आणि तिचा भरवसाही नाही.

वॉचडॉग (चिप अडकली तर तिला रीसेट करणारा टायमर) लावून पाहिला. अडकणं थांबलं, ईईप्रॉम बिघडणं नाही. एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) नको आहे, शेतात विजेचे झटके फार येतात.

ब्राऊन-आऊट ४.३ वर नेला तर रिले ओढताना सारखा रीसेट होईल का? की बाहेरून मॅक्स ८०९ सारखा रीसेट आयसी लावावा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:

दादा, गणित बरोबर आहे, दुखणंही तिथेच आहे. एक्स्टेंडेड फ्यूज (चिपमधली सेटिंग) एफडीऐवजी (२.७ व्होल्ट) एफसी (४.३ व्होल्ट) करा, त्यासाठी आयएसपी प्रोग्रामर लागेल. ४.३ ची पातळी चिपनुसार ४.१ ते ४.५ मध्ये कुठेही असू शकते, पण ४.१ सुद्धा ३.७८ च्या वरच आहे. तुमच्या कामाला वेगळा रीसेट आयसी नको.

सारखा रीसेट होईल ही भीती मात्र खरी आहे, म्हणून चिपचा सप्लाय रिलेपासून तोडा. ब्रिजनंतर एक १एन५८१९ डायोड, त्यापुढे २२०० मायक्रोफॅरड आणि एलएम२९४० (स्वतः कमी व्होल्ट खाणारा रेग्युलेटर). त्याच्या आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरड हवेतच, नाहीतर तो ऑसिलेट होतो. रिले आणि एलसीडीचा बॅकलाईट जुन्या ७८०५ वर राहू द्या. चिपला २० मिलिअँपिअर पुरतात, त्यामुळे १५० व्होल्टलाही पूर्ण ५ मिळतील.

दर मिनिटाला लिहिणं आधी बंद करा. ईईप्रॉमचा एक बाईट १ लाख वेळा लिहिता येतो. रोज ८ तास धरले तर सात महिन्यांत ती मर्यादा संपते. त्याऐवजी २२०० च्या कपॅसिटरवरून ४७ के आणि १० के चा डिव्हायडर काढून अ‍ॅनालॉग कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणारा चिपमधला भाग) एआयएन१ पिनला द्या, दुसऱ्या बाजूला आतला १.१ व्होल्टचा संदर्भ. सुमारे ६.३ व्होल्टला इंटरप्ट (चिपला हातचं काम थांबवायचा इशारा) येईल. तिथून साडेपाच व्होल्टपर्यंत ८० मिलिसेकंद मिळतात आणि एक बाईट लिहायला ३.३ लागतात. आधी रिले सोडा, मग मिनिटं चेकसमसकट (आकडा बिघडला का ते तपासायची बेरीज) दोन ठिकाणी लिहा.

रीसेटमध्ये पिना तरंगतात, म्हणून रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला १० के ने ग्राउंड द्या. आणि लाईट आल्यावर लगेच मोटर उठवू नका, दोन-तीन मिनिटं थांबून व्होल्टेज पाहून उठवा. डीपीवरच्या बाकीच्यांनाही त्याने सोसेल.

धागाकर्ता:

मनापासून आभार. एफसी उद्याच टाकतो. एक शंका उरली: एलसीडीचा ५ व्होल्ट चिपच्या बाजूने घ्यावा की ७८०५ च्या? डेटाच्या तारांमधून ७८०५ च्या बाजूला करंट शिरेल असं वाटतं.

प्रतिसाद १:

चिपच्याच बाजूने घ्या. फक्त बॅकलाईट पलीकडे.