क्वार्टरबॅक मुलासाठी कॉलेज निवडायचंय, अनुभवी पालकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पास टाकणारा आणि खेळी चालवणारा. आम्ही दोघं मूळचे सोलापूरचे, क्रिकेट आणि कबड्डी बघत वाढलेलो. या खेळातलं विचारायला घरात वडीलधारं कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

त्याला तीन ऑफर आहेत. एक एसईसीमधलं (दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठांची लीग) बलाढ्य विद्यापीठ, एक मध्यपश्चिमेतलं मध्यम ताकदीचं आणि एक आयव्ही लीगमधलं. आयव्हीत खेळासाठी स्कॉलरशिप नसते, मदत घरच्या उत्पन्नावर ठरते. आमच्या पगारात ती फारशी मिळणार नाही, पण डिग्रीचं वजन आहे.

खरी ओढाताण पहिल्या दोघांत आहे. एप्रिलमध्ये मोठ्या विद्यापीठात जाऊन आलो. क्वार्टरबॅकांच्या मीटिंगच्या खोलीत फळ्यावर लोहचुंबकाच्या नावपट्ट्या होत्या. मी मोजल्या, पाच. त्यातले तिघे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे. मैदानावर एका वेळी एकच क्वार्टरबॅक उतरतो. रिसीव्हर (पास झेलणारा) असता तर एवढी काळजी केली नसती. कोच म्हणाले, पहिलं वर्ष रेडशर्ट करू, म्हणजे संघात राहून सराव करायचा, चार सामने खेळला तरी खेळायच्या वर्षांतलं ते वर्ष खर्ची पडत नाही. ठीक आहे, पण पुढचं काय? शिवाय बहुतेक कॉलेजं शाळा संपवून येणाऱ्यांतून दर वर्षी एकच क्वार्टरबॅक घेतात. 'यादीत अजून दोघं आहेत, जो आधी हो म्हणेल त्याची जागा,' असं त्या कोचनी स्पष्ट सांगितलंय.

नवऱ्याचं म्हणणं, थांबायची तयारी हवी. क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग टेक्सास विद्यापीठात 2023 आणि 2024 असे दोन हंगाम क्विन युअर्सच्या मागे थांबला आणि 2025 मध्ये सुरुवातीपासून खेळला. मला मात्र जो बरो हा क्वार्टरबॅक आठवतो. ओहायो स्टेट विद्यापीठात तीन वर्षं संधीची वाट पाहून तो 2018 मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेला आणि 2019 मध्ये 60 टचडाउन पास टाकून हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला. म्हणजे थांबूनही कॉलेज बदलावं लागू शकतं. मग जिथे लवकर खेळायला मिळेल तिथेच आधी का जाऊ नये?

मध्यपश्चिमेतल्या विद्यापीठाची आक्रमणाची पद्धत आमच्या शाळेसारखीच आहे. शॉटगन (क्वार्टरबॅक थोडा मागे उभा राहून चेंडू घेतो), चार रिसीव्हर, भरपूर पास. तिथल्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरने (आक्रमण सांभाळणारा कोच) मुलाला त्याच्याच एका इंटरसेप्शनचा (विरोधकाने झेललेला पास) व्हिडिओ दाखवून विचारलं, 'इथे तुझी नजर कुठे होती?' पोरगा तासभर त्या एका खेळीवर बोलत राहिला. परतताना विमानात वहीत त्याच खेळीची चित्रं काढत होता. त्याला तो माणूस आवडलाय, आणि माझी भीती तिथेच आहे. असा कोच दोन वर्षांत दुसरीकडे हेड कोच म्हणून गेला तर?

पैशांचंही आहे. जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. मोठ्या विद्यापीठाने आकडा सांगितलाय, पण तोंडी. पूर्वी विद्यापीठ पक्कं करताना सही करायचं ते लेटर ऑफ इंटेंट 2024 मध्येच बंद झालं. त्यामुळे करारात नेमकं काय बघायचं, वकील कधी गाठायचा, दुखापत झाली किंवा तो पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) गेला तर पैसे परत मागतात का, हे कोणी सांगेल का?

ज्यांची मुलं कॉलेजात कुठलाही खेळ खेळताहेत त्यांनीही लिहा. कोच बदलल्यावर मुलाचं काय झालं, हे मला सगळ्यात आधी जाणून घ्यायचंय.

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार. एका ताईंनी सुचवलं की आधी त्या त्या कॉलेजातल्या राखीव क्वार्टरबॅकच्या आईशी बोला. आमच्या शाळेच्या कोचकडून दोघींचे नंबर मिळालेत, रविवारी फोन करतेय. मोठ्या विद्यापीठाला 20 जूनपर्यंत उत्तर द्यायचंय, त्याआधी करार वाचून समजावणारा वकील कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि करा.