गोल बुडाची जुनी काचेची बाटली, उभीच राहत नाही! कशाची असेल?

भुसावळकर:
नमस्कार मंडळी. भुसावळला आमचं जुनं घर पाडायला काढलंय, पायाजवळ खोदताना गड्याला मातीत ही बाटली सापडली, पावड्याचा घाव बसला नाही हे नशीब. फिकट हिरवट काच, वीतभर लांब, भरताच्या वांग्याला देठाच्या जागी तोंड बसवलं तर कशी दिसेल तशी, आणि मेन गंमत म्हणजे बूड निमुळतं गोल आहे, उभी ठेवली की लोळते. काच भलती जाड आणि वजनदार, आत बारीक बुडबुडे अडकलेत. नाव, शिक्का, अक्षर काहीच नाही. पणजोबा रेल्वेत होते, पण घरात दारूचा थेंब कधी आला नाही असं आजी सांगायची (आजी बरंच काही सांगायची म्हणा). भंगारवाला म्हणे शंभर देतो. कोणी ओळखेल का?

केळीवाला रावेर:
अत्तराची असणार भाऊ, नाहीतर मग बुऱ्हाणपूरकडून आलेलं काही मोगलांच्या वेळचं. शंभरात देऊ नका!!

जुना बाजार धुळे:
भो, हाई ते सोडानी बाटली शे. अत्तर महाग, त्याला कोण एवढी मोठी अन् जड बाटली करेल? जाड काच म्हणजे आत दाब होता, गॅसचं पाणी होतं, एवढं धरून चाला. आणि उभी राहत नाही हा दोष नाही, मुद्दाम तशी केलीय. त्या काळी तोंडाला बुचाचं लाकूड ठोकून वरून तारेने बांधायचे. बाटली उभी ठेवली की बूच वाळतं, आकसतं, आणि फटीतून गॅस निघून जातो, मग राहतं नुसतं पाणी. आडवी ठेवली की बूच सतत ओलं राहतं, फुगून घट्ट बसतं. आता बूडच असं दिलं की दुकानदाराने काय किंवा नोकराने काय, कोणी ती उभी ठेवूच शकत नाही. इंग्लंडात विल्यम हॅमिल्टन म्हणून एकाने १८०९ च्या पेटंटात ही युक्ती लिहिलीय, म्हणून जमवणारे लोक हिला हॅमिल्टन बाटली म्हणतात, काही जण टॉर्पेडो पण म्हणतात.
आता वय. दोन गोष्टी बघून सांगा. एक, अंगावरून उभी जोडरेघ जाते ना, ती कुठपर्यंत जाते? दोन, बुडाच्या टोकाला तुटल्यासारखा खरखरीत व्रण आहे का? नखाने बघा, डोळ्याने फसायला होतं.

भुसावळकर:
दोन्ही बाजूंनी रेघ आहे, मानेपर्यंत येते आणि तोंडाच्या जाड कड्याखाली गायब होते. कडं थोडं वाकडं बसलंय. व्रण नाही, बूड गुळगुळीत.

जुना बाजार धुळे:
झालं मग. रेघ आहे म्हणजे साच्यात फुंकलेली, आणि कड्यावर रेघ नाही म्हणजे तोंड नंतर हाताने वेगळी काच लावून केलंय, म्हणून वाकडं. मशीनच्या बाटलीत रेघ थेट ओठावरून जाते, अमेरिकेत ओवेन्सचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन १९०३ च्या सुमारास आलं, त्यानंतर हळूहळू हातकाम मागे पडलं. व्रण राहतो तो बुडाला लोखंडी सळी चिकटवून धरायचे त्याचा, १८६० नंतर पकड वापरायला लागले तसा तो दिसेनासा झाला. म्हणजे तुमची ढोबळमानाने १८६० ते १९१० मधली, बहुतेक विलायती. हिरवट रंग वाळूतल्या लोखंडाचा, मुद्दाम दिलेला नाही. भुसावळला सापडली यात नवल नाही, १८७० ला मुंबई-कलकत्ता लाईन जबलपूरवरून जोडली गेली ती इथूनच जाते, गोरे ड्रायव्हर-गार्ड कॉलनीत राहायचे, आणि आपला वैशाख तुम्हाला माहीत आहेच. थंड सोडा त्यांना पाहिजेच होता. आजी खरं बोलत असेल, बाटली रिकामी झाल्यावर तेला-रॉकेलला कोणीही घरी नेत असे.

केळीवाला रावेर:
मग गोटी सोड्याची बाटली ती वेगळी का? ती तर उभी राहते.

जळगावची ताई:
वेगळीच रे दादा, ती हिच्या नंतरची. हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलं, बुचाची कटकटच काढून टाकली. मानेत काचेची गोटी आणि तोंडात रबराची रिंग, बाटली उलटी धरून भरायची, सरळ केली की आतला गॅसच गोटीला वर रेटून रिंगवर दाबून धरतो. मानेला ती चिमटा काढल्यासारखी खोबण असते ना, ओतताना गोटी तिथे अडकावी म्हणून. बूच नाही म्हणजे आडवी ठेवायची गरज नाही, म्हणून सपाट बूड.
आणि भुसावळकर, एक सांगू का, फुंकलेली आहे म्हणजे फार जुनी असं सगळ्या बाटल्यांना लावू नका. आपल्याकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ ला निघाला, ओगलेवाडीचा १९१६ ला, फिरोजाबादला तर कितीतरी नंतरपर्यंत तोंडाने फुंकून काम चालायचं. तुमची जुनी ठरते ती आकारामुळे, कडं नंतर लावलंय त्यामुळे.

भुसावळकर:
भारी माहिती!! बाहेरून पांढरट, थोडा इंद्रधनुष्यासारखा थर चढलाय, चिंचेने घासू का?

जळगावची ताई:
अजिबात नको. तो मळ नाही, ओल्या मातीत राहून काचेचं वरचं पापुद्र्यासारखं झालंय, घासलं तर तेच निघून जाईल. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. आत माती असेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि पाणी घालून हळू फिरवा, वाळू घालू नका, चरे पडतात. तळाशी बुचाचा तुकडा असला तर राहू द्या.

जुना बाजार धुळे:
आणि भंगारवाल्याला शंभरात नका देऊ, तो जुन्या बाजारात विकून जास्तच मिळवेल. अर्थात अक्षरं नसल्यामुळे फार मोठी किंमत येणार नाही, कंपनीचं आणि गावाचं नाव उठावात असलं की भाव चढतो. बाकी त्या खड्ड्यात अजून चाळून बघा, विशेषतः जुन्या न्हाणीच्या मागे, कचरा तिथेच टाकायचे लोक.