वावर आमचे, निधी सरकारचा. मग शोधनिबंध वाचायला पैसे का?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार. दोन खरीप हंगाम आमच्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात एका संशोधन प्रकल्पाखाली गुलाबी बोंडअळीची निरीक्षणे घेतली गेली. कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांत) अडकलेले पतंग मी रोज सकाळी मोजून वहीत लिहीत असे, आणि दर आठवड्याला वीस हिरवी बोंडे फोडून आतल्या अळ्या मोजण्याचे काम आई करीत असे. हंगाम संपताच वही प्रकल्पाचे सहायक घेऊन गेले. आता त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे. परंतु संकेतस्थळावर केवळ सारांश दिसतो आणि पूर्ण मजकुरासाठी चाळीसेक डॉलर मागितले जातात. निधी केंद्र सरकारचा असल्याचा उल्लेख निबंधात आहे. फरदड (वेचणीनंतर तीच कपाशी पुढे राखून घेतलेले पीक) ठेवावी की नाही हे ठरवताना ही आकडेवारी मला हवी आहे. ती विनामूल्य मिळण्याचा काही नियम आहे का?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल, अकोला)

भाऊ, नियम आहे, पण तो नियतकालिकाच्या छापील प्रतीला लागू होत नाही, लेखकाने संपादकांना दिलेल्या अंतिम स्वीकृत प्रतीला लागू होतो. त्यामुळे आधी निधी कोणत्या विभागाचा आहे ते पाहा. जैवतंत्रज्ञान किंवा विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा असेल, तर डिसेंबर २०१४च्या धोरणानुसार निबंध स्वीकारला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही प्रत संस्थेच्या डिजिटल भांडारात जमा करावयाची असते, आणि विज्ञान विषयांत ती खुली करण्यास सहा महिन्यांपर्यंतच विलंब चालतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०१३च्या धोरणात ही मुदत बारा महिन्यांची आहे. प्रत्यक्षात अनेक भांडारे अर्धी रिकामी असतात, म्हणून संस्थेच्या ग्रंथालयाला पत्र लिहून धोरणाचा उल्लेख अवश्य करा.

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही संशोधन नियतकालिकांची वर्गणी सरकारने एकत्रित भरण्याची योजना २०२५पासून सुरू झाली असून तिच्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर आहेत. तथापि तिचा लाभ सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांतील विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना आहे, घरी बसलेल्या शेतकऱ्याला नाही.

उत्तर २ (पीएच.डी. विद्यार्थिनी, वर्धा)

दादा, निबंध आणि मूळ नोंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२च्या राष्ट्रीय आकडेवारी धोरणात सार्वजनिक पैशातून तयार झालेली, संवेदनशील नसलेली आकडेवारी खुली करण्याचे तत्त्व आहे. मात्र प्रकल्पाच्या वहीतील नोंदी आपोआप कुठे प्रसिद्ध होत नाहीत. संशोधकाची बाजूही सांगते: त्याच नोंदींवर दुसरा निबंध लिहावयाचा असेल तर हात आखडता घेतला जातो. तरीही ज्याने पतंग मोजले त्याला मोजणी देण्यात कोणाचे काय बिघडते, हे मला अद्याप कळलेले नाही.

त्या प्रकल्पावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला असेल तर ‘कृषिकोश’ या कृषी प्रबंधांच्या डिजिटल भांडारात पूर्ण मजकूर शोधा. प्रबंधातले तक्ते निबंधातल्यापेक्षा सविस्तर असतात.

उत्तर ३ (संत्रा बागायतदार, वरूड)

निबंधात पत्रव्यवहारासाठी ज्याचे नाव दिले आहे त्या लेखकाला साधा ईमेल करा. मला असा एक निबंध तिसऱ्या दिवशी मिळाला होता. नाही जमले तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. मात्र त्यात छापील निबंध मागू नका, कारण प्रकाशकाच्या स्वामित्वहक्काचे कारण दाखवून कलम ९खाली तो नाकारता येतो. प्रकल्पाचा अंतिम अहवाल आणि आपल्या वावराच्या नोंदी मागा. ‘माहिती’च्या व्याख्येत अहवाल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील आकडेवारी दोन्ही येतात. इतर शेतकऱ्यांची नावे वगळून द्यावीत, असे अर्जातच लिहा, म्हणजे खाजगी माहितीची सबब उरणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. लेखकांचे उत्तर आले नाही, परंतु ‘कृषिकोश’वर एक प्रबंध सापडला. त्यात आमचे वावर ‘स्थळ ३’ या नावाने आहे. वहीच्या दोन पानांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये राहिले होते, त्यांची आठवड्याची सरासरी तक्त्याशी तंतोतंत जुळली. अडचण अशी की सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले तर फवारणीचा निर्णय घ्यावयाचा असतो, आणि आठवड्याच्या सरासरीत त्या तीन रात्री दिसत नाहीत. म्हणून उद्या दैनंदिन नोंदींसाठी अर्ज टाकत आहे. आईच्या बोंडांच्या नोंदीही त्यात मागितल्या आहेत. प्रबंधात त्यांचा तक्ताच नाही.